सुताची आस

कमळाकरला आपला जावई आवडत नाही, ही गोष्ट जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यात वाळत घातलेल्या बोंबलांइतकी उघडी होती. येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावी, वास घ्यावा आणि पुढे जावं. कमळाकरनेही ती कधी लपवली नाही. जावई काय करतात, असं कुणी विचारलं की तो शांतपणे सांगायचा, "पोरीला मारायचं मशीन बनवतात," आणि विचारणाऱ्याचं तोंड कसं होतं ते बघत बसायचा.

मशीन म्हणजे मोटोक्रॉसची बाइक. दिवा नाही, आरसा नाही, नंबरप्लेट नाही. चिखलातून आणि मातीच्या ढिगांवरून उड्या मारत न्यायची आणि जिथून निघालो तिथेच परत आणायची. जाऊन-येऊन कुठेही न पोचणाऱ्या या धंद्याला कमळाकर खुळ्यांचा बाजार म्हणे. या बाजारात जावयाचं, जितेंद्रचं, काशीगावात हायवेला लागून गॅरेज होतं. तो शांती नगरचा. त्याचे आईवडील वीस-बावीस वर्षांपूर्वी मुंबईतली दहा बाय दहाची खोली विकून मीरा रोडला आले, दोघंही नोकरदार. पोरगा इंजिनियर व्हायचा तो ग्रीसमध्ये हात घालून बसला म्हणून त्यांनीही कपाळाला हात लावला होता, पण ते त्यांचं दुखणं. कमळाकरचं दुखणं म्हणजे त्याची एकुलती एक क्षितिजा. दवाखान्यात रिसेप्शनला बसणारी ही पोरगी स्कूटरचा ब्रेक दुरुस्त करायला त्या गॅरेजात गेली. आधी बाइकवर बसली, मग बोहल्यावर. क्रम उलटा असता तरी कमळाकरला चालला नसताच.

गेल्या वर्षी एका उडीवरून पडून क्षितिजाच्या खांद्याचं हाड मोडलं. जितेंद्र तिला स्ट्रेचरवरून सासऱ्याच्या डोळ्यांदेखत आत घेऊन गेला, आणि तिथे, दवाखान्याच्या व्हरांड्यात, चार माणसांत कमळाकर त्याला म्हणाला, "माझ्या दारात पोरीला आणशील तर चालत आण. न्हायतर तू पण येऊ नको." जितेंद्रने मान खाली घातली नाही, उलट उत्तरही दिलं नाही. तो नुसता यायचा थांबला. वर्षभर क्षितिजा एकटीच माहेरी यायची, जेवायची आणि भांडी घासून जायची. नवऱ्याचं नाव ती काढत नसे आणि बाप बाइकचं काढत नसे. मध्ये बसून चंद्रावती, म्हणजे कमळाकरची बायको, दोघांच्या ताटात कालवण वाढत राही.

म्हणून त्या बुधवारी संध्याकाळी जितेंद्र स्वतःहून धक्क्यावर आला, तेव्हा जाळी शिवणारे चौघेजण कामाचं सोंग करून कान टवकारून बसले.

कमळाकरचा गुडघा गेल्यापासून तो समुद्रावर जात नव्हता. पण बंदरातल्या सहा-सात होड्यांचं जाळं त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय पाण्यात पडत नसे. जाळ्याच्या एका भोकाला कोळी आस म्हणतो, आणि कमळाकर बोट घालून आस सांगायचा. पट्टी नाही, मोजणी नाही. ही आस बोंबलाची, ही मांदेलीची, ही कशाचीच नाही, विणणाऱ्याला दारू कमी पाजा. त्याच्या या बोटांना बंदरात मान होता, आणि खरं सांगायचं तर आता त्याच्याकडे मान म्हणून उरलेलं तेवढंच होतं.

जितेंद्रने उभ्या-उभ्याच काम सांगितलं. येत्या रविवारी घोडबंदरच्या पुढे खाडीकाठच्या खाजणाच्या जमिनीवर शर्यत आहे. पुण्याच्या एका टीमला वर्षभरासाठी एक मुलगी घ्यायची आहे, त्यांची मॅनेजर संपदा स्वतः बघायला येणार. दोन फेऱ्या मिळून क्षितिजा पहिल्या दोघींत आली तर जागा तिची. अडचण चिखलाची आहे. या बाइकला पंखा नसतो. इंजिनाभोवती पाणी फिरतं, ते दोन बाजूंच्या दोन रेडिएटरांत येतं आणि समोरून घुसणाऱ्या वाऱ्यावर थंड होतं. बाइक पळते तोवर वारा, वारा आहे तोवर इंजिन. पण पुढच्या गाडीने उडवलेला चिखल रेडिएटरवर थापला गेला की वारा आत शिरत नाही आणि पाणी उकळतं. त्यावर जाळी लावतात. बाजारातली त्याने लावून बघितली, ती खाजणाच्या चिकट मातीपुढे दोन चकरांत लिंपली गेली. चिखलाचा गोळा अडेल, पण पातळ चिखल धरून न ठेवता हादऱ्याने झडेल आणि वारा सोडेल, असं जाळं पाहिजे.

"क्षितिजा म्हणाली, असलं जाळं फक्त बाबाच देतील," जितेंद्र शेवटी म्हणाला. हे वाक्य त्याच्या घशातून खाली-वर होऊन आलं होतं, ते कमळाकरला दिसलं आणि बरं वाटलं.

त्याला काम समजलं होतं, जितेंद्रला वाटलं त्याहून आधी समजलं होतं. होडीचं इंजिनही पाण्यावरच थंड होतं. खाडीतली प्लॅस्टिकची पिशवी पाणी ओढायच्या नळीला चिकटली की इंजिन तापतं. मग काय, बंद करायचं, नांगर टाकायचा, विडी पेटवायची आणि कोणी ओढून न्यायची वाट बघायची. आयुष्यात वीस वेळा त्याने हे केलं होतं. तो म्हणाला, शुक्रवारी ये.

आणि इथे एक गोष्ट कमळाकरच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. त्याने जाळं मनापासून केलं. गुळगुळीत, कडक नायलॉन, करंगळीचं टोक शिरेल न शिरेल एवढी आस, चिखल टिकणार नाही अशी घट्ट गाठ, कडेला दुहेरी दोरी. जावयाचा राग जाळ्यात उतरवायचा असतो हे त्या वेळी त्याच्या मनातही नव्हतं. हाताला तशी सवयच नव्हती.

शुक्रवारी जितेंद्र आला, जाळं हातात घेतलं आणि खिशातून व्हर्नियर काढला. स्टीलची, जबड्याची मोजपट्टी. धक्क्यावर, चौघांच्या समोर, त्याने कमळाकरच्या आसेत तो जबडा घातला आणि आकडा वाचला, सात मिलिमीटर. मग दुसरी आस. मग तिसरी. कोपऱ्यातली एक जरा लहान निघाली, तेव्हा त्याने "हं" केलं. त्याला यात वावगं काही वाटलं नाही. तो बोल्टसुद्धा मोजल्याशिवाय बसवत नसे. पण जाळी शिवणाऱ्यांपैकी एक जण खोकला आणि एकाने विनाकारण सुई तोंडात धरली. कमळाकरच्या जाळ्याला कुणी पट्टी लावली, हे बंदरात आजवर घडलं नव्हतं.

वर जितेंद्र मोजता-मोजता बोलून गेला. जागा मिळाली तर दोघंही पुण्यालाच राहायला जाणार, गॅरेज बंद करून. क्षितिजा सांगेलच म्हणाला. म्हणजे तिने सांगितलं नव्हतं.

कमळाकरने जाळं त्याच्या हातातून काढून घेतलं. म्हणाला, कोपऱ्यातल्या गाठी कच्च्या आहेत, दुरुस्त करून रविवारी मैदानावर घेऊन येतो. आवाज अगदी गोड होता. त्याचा आवाज गोड झाला की चंद्रावती घरातली भांडी आत नेऊन ठेवायची, पण ती तिथे नव्हती.

शनिवारी दुपारी चंद्रावती बाजारात असताना तो माळ्यावर चढला. दुखरा गुडघा घेऊन चढला. आढ्याला त्याच्या बापाचं जाळं गुंडाळून टांगलेलं होतं. सुताचं, झाडाच्या सालीच्या काढ्यात रंगवलेलं, चाळीस-पन्नास वर्षं समुद्र न पाहिलेलं. नायलॉन आलं आणि सुताची जाळी गेली, पण बापाचं एक वाक्य घरात राहिलं होतं: सुताची आस कोरडी बघू नये. कोरडं सूत जे सांगतं ते खोटं. भिजलं की धागा फुगतो, गाठ आवळते आणि आस मिटत जाते. म्हणून सुताचं जाळं आधी भिजवायचं आणि मग बोट घालायचं. हे वाक्य कमळाकरने क्षितिजाला ती सात-आठ वर्षांची असताना शिकवलं होतं, या जाळ्याचा तुकडा बादलीत बुडवून. इतर पोरी सागरगोटे खेळायच्या तेव्हा ही डोळे मिटून आस ओळखायची आणि बाप शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचा.

त्याने त्यातून दोन तुकडे कापले. सात मिलिमीटरची आस, नायलॉनच्या जाळ्याएवढीच. भिजल्यावर ती किती उरेल ते त्याला ठाऊक होतं. पाणी तापेल, इंजिन बंद पडेल, पोरगी बाइक कडेला लावून चालत येईल. चालत, हेच तर त्याने मागितलं होतं. पुण्याची बाई दुसऱ्या कुणा पोरीला घेऊन जाईल आणि क्षितिजा सोमवारी दवाखान्यात कामावर जाईल. कुणाच्या केसाला धक्का नाही. हे सगळं त्याने स्वतःला इतक्या नीट समजावलं की जेवताना तो चंद्रावतीशी दोन शब्द जास्त बोलला. नायलॉनचे तुकडे मात्र त्याने पिशवीच्या तळाशी तसेच ठेवले. चांगलं काम टाकून द्यायला हात धजत नाही.

रविवारी सकाळी खाजणात हजारभर माणूस जमलं होतं. आयोजकांनी धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारलं होतं, आणि ते मारणाऱ्याला थांबायचं कधी हे कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. मातीचा सगळा ट्रॅक काळ्या खिरीसारखा झाला होता. मधोमध एक मोठा सपाट माथ्याचा ढिगारा होता. त्यावरून बाइक उडाली की दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या उंचीवर जाऊन पलीकडे उतरायची.

जितेंद्रने सुताचं जाळं बघून भुवई चढवली. कमळाकर म्हणाला, नायलॉनच्या कडक गाठी हादऱ्याने रेडिएटरच्या नाजूक पत्र्याला घासतात, भोक पडेल, हे मऊ आहे. जितेंद्रने व्हर्नियर काढला. सात, सात, सात. त्याचं समाधान झालं. मोजलेल्या गोष्टीवर शंका घ्यायची त्याला सवय नव्हती, आणि कमळाकरने भरवसा ठेवला होता तो नेमका त्यावरच.

जाळं बांधून झाल्यावर क्षितिजा आली. तिने हातमोजा काढून जाळ्यावरून बोटं फिरवली, एका आसेत बोट घातलं आणि थांबली. कमळाकरने श्वास धरला. तिने एकदा बापाकडे बघितलं. मग हसली. वर्षभरात पहिल्यांदा ती बाइकच्या जवळ उभी राहून बापाकडे बघून हसली, आणि म्हणाली, "आलास ते बरं झालं, बाबा." मग हेल्मेट चढवून गेली.

आठ चकरांच्या पहिल्या फेरीत दोन चकरा ती सगळ्यांच्या पुढे होती. तिसऱ्या चकरेला मागून दुसरी आली. चौथीला बाइकच्या दोन्ही अंगांनी वाफ निघायला लागली आणि इंजिनाचा आवाज बदलला. क्षितिजा उड्यांच्या आधी अ‍ॅक्सिलरेटर सैल सोडू लागली, वळणावर क्लच दाबून इंजिनाला सावरू लागली, एकेक जणी तिला मागे टाकत गेली. शेवटी ती चौथी आली. बाइक बंद मात्र पडली नाही. कमळाकर जरा चिडलाच. एवढं तापून पठ्ठी चालतेच कशी?

ती ट्रॅकवरून परत आली तेव्हा रेडिएटरच्या नळीतून उकळतं पाणी फसफसत होतं. जितेंद्रने सगळं धुतलं, झाकण तपासलं, पंप तपासला, नळ्या चेपून बघितल्या, नवीन कूलंट भरलं. जाळ्यावर त्याने पाण्याचा फवारा मारला, चिखल गेला आणि जाळं आणखी भिजलं. त्याकडे तो पुन्हा वळला नाही. दुसरी फेरी जिंकलीच पाहिजे, त्याशिवाय पहिल्या दोघींत येणं नाही, एवढंच तो क्षितिजाला म्हणाला. तीही मान हलवून बाजूला खुर्चीत डोळे मिटून बसली.

कमळाकर पिशवी सांभाळत बाइकपाशी आला. आतून त्याला गुदगुल्या होत होत्या. इतक्या दिवसांनी या माणसाचा चेहरा उतरलेला बघायला मिळत होता, आणि मजा पुरती लुटावी म्हणून त्याने विचारलं, "काय जावईबापू, एवढं तापलं, तरी बंद कसं न्हाय पडलं?"

जितेंद्र नळीला क्लिप लावत होता. त्याने वर न बघताच उत्तर दिलं, आणि त्यात वर्षभराचा साठलेला सगळा कडवटपणा होता. "बंद पडत नाही ते. जाम होतं. पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरमध्ये अडकतो आणि मागचं चाक जागच्या जागी धरलं जातं. सरळ रस्त्यावर क्लच दाबून सावरता येईल एखाद वेळ. त्या मोठ्या उडीत वर असताना झालं, तर खाली येताना चाक फिरतच नाही. मग मागच्या वर्षी मोडलं तेवढंच मोडलं तर नशीब म्हणायचं." मग त्याने वर बघितलं. "तुमच्या होडीत नांगर टाकता येतो, बाबा. हवेत काय टाकणार?"

 जाम होतं, हा शब्द कमळाकरच्या डोक्यात जिथे पडला तिथेच रुतून बसला. त्याने बाइकच्या जाळ्याकडे बघितलं. सूत पार फुगलं होतं. सात मिलिमीटरच्या जागी आता काडी शिरली असती तर शिरली असती, आणि उरलेल्या फटीत राखाडी चिखलाची साय धरल्यासारखा पातळ पापुद्रा होता. त्याने बोट लावलं. आस मिटलेली होती.

लाउडस्पीकरवरून माणूस ओरडत होता, सारे रायडर्स गेट पे आ जाओ, पाच मिनट. क्षितिजा खुर्चीतून उठली.

आता खरं सांगितलं तर जितेंद्रसमोर, त्या संपदाबाईसमोर, हजार माणसांत नाक कापलं जाणार. धक्क्यावर उद्या सकाळपर्यंत पोचणार. ज्या बोटांवर आयुष्यभर मान मिळवला त्याच बोटांनी हे केलं, असं लोक म्हणणार, आणि ते खरंच असणार. काही तरी खोटं सांगून जाळं काढता येईल का, याचा त्याने विचार केला. केला, यात लपवण्यासारखं काही नाही. गाठ सुटली म्हणावं, सूत कुजकं निघालं म्हणावं. पण जितेंद्र व्हर्नियर काढून बसला असता आणि पाच मिनिटं तिथेच गेली असती. मग कमळाकरने विचार सोडला, कमरेचा चाकू काढला आणि बाइकच्या पुढे गुडघा टेकून जाळं कापायला लागला.

जितेंद्रने त्याला मागून पकडून ओढलं. दोघंही चिखलात पडले. चाकू बाजूला उडाला. जितेंद्र ओरडत होता की हा माणूस मुद्दाम करतोय, शेवटच्या मिनिटाला बाइक खराब करायला आलाय, याला बाहेर काढा. दोन स्वयंसेवक धावत आले. कमळाकर चिखलात बसल्या-बसल्या, दोघांनी दंड धरलेले असताना म्हणाला, "आता न्हाय. सकाळी केलं. सुताचं जाळं दिलं, भिजलं की मिटतं ते. मला ठाऊक होतं. तिला त्याच्यावर पाठवू नका."

जितेंद्रला सगळं समजायला क्षणभर लागलं. समजलं तेव्हा त्याने हात उगारला. तो हात खाली आला असता तर कमळाकरने अडवला नसता. पण मध्ये क्षितिजा आली. तिने नवऱ्याचा हात धरला नाही, त्याला नुसतं बाजूला व्हायला सांगितलं. पलीकडे संपदा छातीशी फाइल धरून उभी होती. तिने एकदा घड्याळ बघितलं आणि परत यांच्याकडे.

क्षितिजाने हेल्मेट काखेत धरलं होतं. ती ओरडली नाही. घरी बोलायची त्याच भाषेत, त्याच हळू आवाजात बोलली.

"बाबा, मी सकाळी बोट घातलं ना, तेव्हाच माझ्या बोटाला कळलं. सूत हाय, भिजलं की मिटेल. तूच शिकवलेलं." ती थांबली. "मग म्हटलं, बाबानं दिलंय. बाबाची आस चुकणार न्हाय, माझं बोटच चुकलं असेल. म्हणून गेले मी."

 कमळाकरला आठवत होतं ते सकाळचं तिचं हसणं.

त्याने पिशवी पुढे केली. तळाशी नायलॉनचे दोन तुकडे होते, बुधवारी आणि गुरुवारी बसून केलेले, कोपऱ्यातल्या गाठीसकट चांगले. जितेंद्र म्हणाला, या माणसाच्या हातचं काही लावायचं नाही, उघड्या रेडिएटरवर जा. पण उघड्या रेडिएटरवर त्या चिखलात तीन चकरासुद्धा होणार नाहीत हे त्यालाही माहीत होतं. क्षितिजाने तुकडे घेतले. ते खरे होते. कमळाकरला वाटलं, आता ती बोट घालेल, तिला कळेल आणि निदान एवढं तरी निभावेल.

तिने बोट घातलं नाही. पाण्याची बाटली उघडून दोन्ही तुकडे भिजवले, पिळले, आणि हात मागे केला.

"जितू, व्हर्नियर दे."

जितेंद्रने दिला. बाप चिखलात बसलेला, आजूबाजूला माणसं उभी, लाउडस्पीकरवर एक मिनिट उरल्याची आरोळी, आणि तिने एकेका आसेत तो स्टीलचा जबडा घालून आकडा वाचला. एक, दोन, तीन. चारही कोपरे. मधली ओळ. घाई होती तरी तिने एकही कोपरा सोडला नाही. मग तुकडे नवऱ्याकडे दिले, हेल्मेट घातलं आणि बापाकडे न बघता बाइकवर बसली.

जितेंद्रने जाळं बांधलं. बांधताना त्याने सासऱ्याकडे एकदा बघितलं, आणि त्या बघण्यात जिंकल्याचा भाव असता तर कमळाकरला सोसलं असतं. तो नव्हता. थोडी कीव होती.

दुसरी फेरी क्षितिजाने जिंकली. जाळ्यावर चिखल बसे आणि पुढच्या हादऱ्याला झडे, बसे आणि झडे, आणि मोठ्या ढिगाऱ्यावरून ती आठही वेळा उडाली आणि आठही वेळा नीट उतरली. प्रत्येक उडीला कमळाकरने कुंपणाची दोरी मुठीत आवळली. दोन्ही फेऱ्या मिळून ती दुसरी आली. संपदाने येऊन हात मिळवला, काही कागद दिले. कमळाकर लांब उभा होता. कुणी त्याला बोलावलं नाही आणि तोही गेला नाही. जाताना जितेंद्रने सुताचे कापलेले तुकडे एका पिशवीत घालून त्याच्या हातात दिले. क्षितिजा टेंपोत बाइकच्या बाजूला बसली होती, पाठ करून.

घोडबंदरहून बसने, मग रिक्षाने तो भाईंदरला आला. चिखल अंगावर वाळून भेगाळला होता. दारात चंद्रावती टोपली धुवत होती. तिने त्याचा अवतार बघितला, हातातली पिशवी बघितली आणि पोरीचं काय झालं म्हणून विचारलं.

"जिंकली," कमळाकर म्हणाला. "पुण्याला जाते."

"मग तुझं तोंड असं का?"

तो ओट्यावर बसला. बोटं मांडीवर पसरून त्याने त्यांच्याकडे बघितलं.

"तिनं माझं जाळं मोजलं," तो म्हणाला.